पंच्याखाली विकलेली तलवार

महाळुंगे, ता. मुळशी, जि. पुणे
रविवार, १० फेब्रुवारी २००८

तीर्थस्वरूप गेणबामामांच्या चरणी त्यांच्या एकुलत्या एका आणि (त्यांच्याच मते) कवडीच्या उपयोगाच्या नसलेल्या भाच्याचा, निरंजनचा, लांबूनच पण अगदी वाकून दंडवत.

मामा, तुमचा गुडघा कसा आहे? मामींची कंबर कशी आहे? आणि तुमच्या त्या पांढऱ्या खिलारी खोंडाचा खूर बरा झाला का? (खरं तर खोंडाचं आधी विचारणार होतो, कारण तुम्हालाही तेच आधी सांगायचं असतं, पण मामी पत्र वाचून दाखवतात आणि त्यांच्या कंबरेआधी बैलाचा खूर आला तर त्या पुढचं वाचणारच नाहीत.) मी ठणठणीत आहे. नोकरीही ठणठणीत आहे. तुम्ही म्हणाल, मग फोन करायचा सोडून दोन-दोन ताव पत्र कशाला? तर मामा, रागावू नका, पण तुम्ही फोनवर बोलता तेव्हा खरं म्हणजे फोनची गरजच नसते. मी इथून जे कानात सांगणार ते तुम्ही तिथून मोठ्यांदा म्हणून बघणार, आणि सांगोल्याच्या अख्ख्या बैलबाजाराला कळणार. आणि ही गोष्ट बाजाराला कळण्यासारखी नाही. निदान आज तरी नाही.

मामा, मी काल सौदा केला! आयुष्यातला पहिला! त्यात दलाल होता, पंचा होता, पंच्याखाली बोटं होती, सगळं रीतसर होतं! तुम्ही मला लहानपणी म्हणायचात ना, की या पोराला कांदे विकायला बसवलं तर हा गिऱ्हाइकाला घरून पिशवी आणून देईल? तर त्याच पोराने काल एक तलवार पाच हजार मोहरांना विकली, जिला पुस्तकाप्रमाणे चारच हजार मिळत होते. मी अजून भानावर नाही. सकाळपासून दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा पातेल्यात चहापूड टाकायची राहिली. आता तुम्ही मामींकडे बघून विचाराल की याच्याकडे तलवार कुठली. तेच सांगायला बसलोय, जरा दम धरा.

इकडे आम्ही चौघं दर शनिवारी दुपारी माझ्या खोलीवर एक खेळ खेळतो. पत्ते नाहीत, आणि पैसे लावूनही नाही, तेव्हा मामींनी लगेच देव पाण्यात ठेवू नयेत. समजा आपण चौघं अंगणात बसलोय आणि एकजण गोष्ट सांगतोय, पण गोष्टीतली माणसं आपण स्वतः आहोत. तो म्हणतो, समोर गुहा आहे, काय करता? तुम्ही म्हणता, मी आत जातो. मग एक वीस बाजूंचा फासा टाकायचा (हो, वीस, तुम्हाला पाठवीन एक), आणि दान चांगलं पडलं तर आत खजिना, वाईट पडलं तर आत अजगर. गोष्ट सांगणाऱ्याला आम्ही सूत्रधार म्हणतो. तो एकनाथ. माझ्याच कंपनीतला, जळगावचा, माणूस सोन्यासारखा पण नियमांच्या पुस्तकाचा एवढा भक्त की जेवताना मीठ जास्त झालं तर पान उलटून बघेल. शैलेश चोर आहे, म्हणजे खेळात. मी योद्धा आहे, माझं नाव दुर्धर. (हसू नका. तुम्ही बैलाचं नाव शहाजहान ठेवलं तेव्हा मी हसलो नव्हतो.) आणि चौथी क्षितिजा. ती शाल्मली नावाची वैदूबाई. आमच्या जखमा बांधते, विष उतरवते, मंत्र घालते आणि मधूनमधून मला मूर्ख म्हणते. मूर्ख ती खेळाबाहेरही म्हणते.

आता घाबरू नका, पण तीन आठवड्यांपूर्वी शाल्मली मेली. गुहेत अग्निसर्प निघाला, त्याने माझ्यावर झेप घातली, क्षितिजाने ‘मी मध्ये पडते’ म्हटलं, एकनाथने सर्पाच्या वतीने फासा टाकला आणि मेला वीसच्या वीस पडला! एकनाथने पुस्तक बंद केलं आणि हळूच म्हणाला की शाल्मली गेली. मामा, कागदावरची बाई ती, पण मी एकनाथला फासा परत टाक म्हणून विनवत बसलो. त्यानंतरचे दोन शनिवार क्षितिजा नुसती बसून राहिली. आम्ही खेळायचो, ती चिवड्यातले शेंगदाणे निवडून खायची. आणि मागच्या शनिवारी निघताना गाडीची किल्ली फिरवत म्हणाली की बावधनहून त्या हायवेवरच्या ट्रकांमधून स्कूटी काढत नुसते शेंगदाणे खायला कोण येणार, पुढच्या वेळी काही जमलं तर बघा, नाहीतर हा शेवटचा. मामा, तिची कंपनी वेगळी, रस्ता वेगळा, बस वेगळी. शनिवार गेला तर मला तिचं तोंड दिसायचं काही कारणच उरत नाही. माझ्या तोंडचं पाणी पळालं. आठवडाभर ऑफिसात मी काय काम केलं ते मला माहीत नाही, साहेबाला मात्र कळलंय.

मेलेल्या माणसाला उठवायची सोय आहे खेळात. डोंगरावरच्या मठात संजीवनी मिळते, किंमत रोख पाच हजार मोहरा, उधारी नाही. माझ्या दुर्धरकडे रोख म्हणाल तर शून्य. शैलेशचे सगळे पैसे एका उडत्या गालिच्यात अडकलेत, आणि तो गालिचा अजून उडालेला नाही, कारण तो उडवायचा मंत्र वेगळा विकत घ्यावा लागतो हे त्याने घेताना विचारलंच नव्हतं. राहिली माझी तलवार. तिचं नाव वणवा. म्यानातून काढली की पात्यावर ज्वाळा उठतात. वर्षभराच्या खेळात मिळवलेली मोलाची एकच गोष्ट ती, आणि तिचं चित्र मी माझ्या कागदावर तीनदा खोडून काढलंय. पुस्तकात किंमत आठ हजार. मी म्हटलं, गेला वणवा तरी चालेल, विकतो! तर एकनाथने काय म्हणावं? नियम असा की जादूची वस्तू विकत घ्यायला गेलात तर पूर्ण किंमत, आणि विकायला गेलात तर निम्मी. कुठल्याही गावात, कुठल्याही दुकानात, कोणाचीही वस्तू असो, निम्मी. म्हणजे चार हजार. आणि संजीवनी पाच. मी हातापाया पडलो, ओरडलो, चहा पाजला, त्याच्या आईची शपथ घातली. तो पुस्तकावर बोट ठेवून ओरडत राहिला, निम्मी म्हणजे निम्मी! क्षितिजा शेंगदाणे निवडत होती, पण तिचा हात थांबला होता एवढं मी पाहिलं.

आता मामा, महाळुंग्यात हल्ली काही शब्द मोठ्याने उच्चारायचे नसतात. ‘निम्मी किंमत’ हे त्यातले पहिले. आमचे घरमालक कुशाबा खालच्या ओट्यावर बसले होते. (कुशाबा म्हणजे पूर्वी भातशेती, आता तीन मजली इमारत, प्रत्येक खोलीत आमच्यासारखी दोन-दोन पोरं, गळ्यात साखळी, खांद्यावर पांढराशुभ्र पंचा, आणि धंदा जमिनीच्या दलालीचा. या भागात कोणी कोणाला गुंठाभर जागा दिली आणि मध्ये कुशाबा नव्हते, तर तो व्यवहार लोक खरा धरत नाहीत.) ते एकेक पायरी सोडून वर आले आणि दारातूनच म्हणाले, “कुणाची जिमीन चाललीया निम्म्यात?” मी म्हटलं, काका, जमीन नाही, तलवार. म्हणाले, कुठं आहे? मी कागद दाखवला. त्यांनी तो उजेडात धरून पाहिला, मागून पाहिला, आणि खुर्ची ओढून बसले. “आसू दे. हितं समदं कागदावरच हाय. त्यो समोरचा बारा मजली टावर बी कागदावरच हाय, आन् लोकं हप्तं भरत्यात.”

मग त्यांनी चौकशी सुरू केली. वणवा कोणाच्या नावावर आहे? मूळ मालक कोण? एकनाथने सांगितलं की गुहेतल्या एका मेलेल्या राजाची तलवार. कुशाबांनी कपाळावर हात मारला. म्हणजे वारस असणार! भाऊबंद किती? बहिणींच्या सह्या घेतल्यात का? उद्या एखादी लेक कोर्टात गेली तर हे पोरगं काय करणार? एकनाथ हा नियमांचा माणूस, तो खरंच घाबरला. त्याने पुस्तक चाळलं, त्यात राजाच्या बहिणींबद्दल काही नव्हतं, तेव्हा त्याने जागच्या जागी जाहीर केलं की राजा एकुलता एक होता आणि शिवाय ब्रह्मचारी. तेव्हा कुठे कुशाबांचा जीव भांड्यात पडला. पुढचा प्रश्न, घेणारा कोण? दुकानदार, म्हणजे एकनाथ. भाव ठरवणारा? एकनाथ. तंटा झाला तर पंच? एकनाथच. कुशाबांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले की अशी मजा तर आमच्या तालुक्यात सुद्धा कोणाला मिळत नाही. त्यांच्या मते सौद्याला तीन माणसं लागतात, विकणारा, घेणारा आणि दलाल, आणि पुस्तक लागत नाही. दलाल ते स्वतः. विकणारा मी. घेणारा कोण? चौघांत रिकामं कोण होतं? जी मेलेली होती ती!

अशा रीतीने मामा, क्षितिजाला व्यापारी केलं. एकनाथने आधी तोंड फिरवलं, पण कुशाबा घरमालक आहेत आणि त्याला याच इमारतीत खोली हवी आहे, तेव्हा तो नियमात बसवायला तयार झाला. अट एकच घातली. क्षितिजाने व्यापाऱ्याच्या बाजूने इमानदारीने भाव पाडायचा, स्वतःच्या जिवाचा विचार करायचा नाही. तिने नियमांच्या पुस्तकावर हात ठेवून शपथ घेतली. मला वाटलं, घेतली असेल शपथ, पण पोरगी पाच हजार देऊन मोकळी होईल, स्वतःलाच तर उठवायचंय! पण मामा, मला तिच्याबद्दल एक गोष्ट माहीत नव्हती. तिच्या वडिलांची लातूरला तुरीची आडत आहे. तिचं लहानपण पोत्यांवर गेलंय. शपथ घेतल्यावर तिने ओढणी कमरेला खोचली आणि मला म्हणाली की आमच्या घरात आजवर कोणी कोणाला मागितलेला भाव दिलेला नाही, मी काय पहिली निघणार?

कुशाबांनी खांद्यावरचा पंचा काढून झटकला. आधी उघड्यावर शिकवलं, एक बोट धरलं की एक हजार, पूर्ण पंजा धरला की पाच, बोटाच्या मधल्या पेरावर दाबलं की अर्धा हजार. तोंडाने आकडा काढायचा नाही. वस्तूची तारीफ हवी तेवढी करावी, आकडा मात्र बोटांनीच. (हे सगळं तुम्हाला काय सांगायचं! पण मला लाज वाटली मामा, सांगोल्याच्या गेणबा दलालाचा भाचा मी, आणि मला मुळशीच्या दलालाने शिकवावं!) आमचे दोघांचे हात समोरासमोर, त्यावर पंचा. तेवढ्यात कुशाबांच्या मंडळी, धोंडाबाई, चहा घेऊन आल्या, आमच्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आवं, पर बैल कुटं हाय?”

आणि मामा, मग तिने माझी दोन बोटं धरली. तुम्ही आयुष्यभर हेच करत आलात आणि आम्हाला कधी सांगितलं नाहीत! (तुमच्या समोर मिशीवाले व्यापारी असतात, हे मान्य.) दोन बोटं म्हणजे दोन हजार, आठ हजारांच्या तलवारीला दोन हजार, भर बाजारात अपमान झाला म्हणायचा! मला राग यायला हवा होता. मला एवढा आनंद झाला की मी मान डोलावायला लागलो. कुशाबा किंचाळले, “मान हालवू नगं! मान हालली म्हंजी सौदा झाला!” मी मान अशी ताठ धरली की ती अजून दुखतेय, मामींना विचारून कुठलं तेल लावायचं ते कळवा. मग धीर करून मी तिचा पंजा धरला आणि वर एक बोट. सहा हजार. तिने तिसऱ्या बोटाचं पेर दाबलं, अडीच. मी साडेपाच. ती तीन. आणि तीनवर जी अडकली ती हलेना. चेहऱ्यावर काही नाही मामा, नुसती भिंत! चहा निवला, धोंडाबाईंनी परत गरम करून आणला, परत निवला. शैलेशने तेवढ्यात सगळा चिवडा संपवला. कुशाबा म्हणाले की एवढ्या वेळात बैलजोडी विकून माणूस घरी जाऊन जेवला असता.

मी तारीफ सुरू केली. वणवा काळोखात पेटतो, मशाल लागत नाही. यावर कुशाबांनी दलालाचं काम चोख केलं, मध्येच म्हणाले की पोरी, ह्या भागात गुरुवारी दिवसभर लाईट नसते ते ध्यानात घे. ती साडेतीनवर आली. मी म्हटलं, थंडीत शेकायला होतो, ओली लाकडं पेटवतो, मच्छर येत नाहीत. (हे शेवटचं पुस्तकात नाही, एकनाथने तोंड उघडलं होतं, कुशाबांनी नुसत्या नजरेने बंद केलं.) ती चारवर आली, आणि चारवर तिने माझी चार बोटं अशी घट्ट धरली की मला कळलं, बास, आता ही पुढे येत नाही. चार म्हणजे पुस्तकाचाच भाव. म्हणजे संजीवनी नाही. म्हणजे शनिवार नाही. काय तारीफ करायची ते सुचेना, तेव्हा जे खरं होतं तेच तोंडातून निघालं. मी म्हटलं, या तलवारीला पुस्तकात नाव नव्हतं, नुसतं ‘पेटणारी तलवार’ लिहिलं होतं. हिचं नाव वणवा तू ठेवलंस, पहिल्याच शनिवारी. पिरंगुटच्या बाजूला डोंगर पेटला होता, तो गच्चीवरून बघत होतीस तेव्हा. म्हणून मी ती वर्षभर विकली नाही. म्हणून आज विकतोय.

तिने पंच्याकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. आणि मग मामा, माझी चार बोटं सुटली आणि तिने अख्खा पंजा धरला.

पाच हजार! कुशाबांनी विचारलं, झालं? ती म्हणाली, झालं. मी म्हटलं, झालं! मी तर खुर्चीवर उभाच राहणार होतो. शैलेशने टेबलावर हात आपटून फासे खाली पाडले. धोंडाबाईंनी विचारलं की पोरांना नोकरी लागली का. आणि या सगळ्या गोंधळात कुशाबांनी शांतपणे हात पुढे केला आणि म्हणाले, दलाली. दोन टक्के, दोन्हीकडून.

मामा, शंभर मोहरा! माझ्याकडे उरले चार हजार नऊशे, आणि मठवाले पाच हजारांखाली ऐकत नाहीत! मी म्हटलं, काका, खेळ आहे हो, मोहरा खोट्या आहेत. ते उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला. म्हणाले की त्यांच्या आजोबांपासून या घराण्यात दलाली सोडून सौदा झालेला नाही, उद्या गावात कळलं की कुशाबा फुकट मध्ये बसला, तर खरे व्यवहार करायला कोण येईल त्यांच्याकडे? आणि सगळ्यात वाईट म्हणजे एकनाथने पुस्तकाकडे न बघताच मान हलवली. म्हणाला, बरोबर आहे, सेवा घेतली आहे. (दोन नियमवाले एकत्र आले मामा, मी मेलोच!) मी क्षितिजाकडे पाहिलं. तिच्या व्यापाऱ्याकडे पैसे होते, पण शपथ होती, फुकट देता येत नव्हते. आणि ती शपथ मोडणारी नाही, हे मला आता चांगलं कळलं होतं.

आता मोहरा कुशाबांकडे होत्या दोनशे, आणि माणसाच्या खिशात पैसा आला की तो दुकानाकडे बघतोच. त्यांनी हळूच एकनाथला विचारलं की ह्या असल्या जादूच्या वस्तू आणिक काय काय असतात. एकनाथने यादी वाचली. अदृश्य करणारा शेला नको म्हणाले, आपण दिसलो नाही तर लोक मान कसा देतील. गालिचा नको, शैलेशचं तोंड बघूनच नको. मी माझ्या कागदावर शोधलं, तर तळाला लिहिलं होतं, ‘अथांग पिशवी, बाहेरून वीतभर, आतून खोलीएवढी.’ मी वाचून दाखवलं. कुशाबा एकदम पुढे सरकले. “आतनं मोठी, भाईरनं ल्हान? आमच्या हितल्या फ्लॅटांचं नेमकं उलटं हाय की!” त्यांनी तिच्यात किती गुंठे बसतील ते विचारलं, कर लागतो का ते विचारलं, आणि शंभर मोहरा पुढे सरकवल्या. पिशवीची किंमत दीड हजार होती मामा. पिशवी घेऊन जा म्हटलं, तुमची झाली. (तुम्ही म्हणाल, कांदा आणि पिशवीचं मी सांगितलंच होतं. म्हणा.)

मग आम्ही मठात गेलो, पाच हजार ओतले, एकनाथने आवाज लावून संजीवनीचा मंत्र म्हटला, आणि शाल्मली उठली! तिचं उठून पहिलं वाक्य काय असेल? दुर्धरकडे बघून म्हणाली, मूर्खा, तलवार कुठे आहे तुझी? मामा, मी एवढा हसलो, एवढा हसलो, की डोळ्यांतून पाणी आलं आणि ते थांबेना, मग मला खिडकीपाशी जाऊन समोरच्या टॉवरचं बांधकाम बघावं लागलं. क्षितिजा निघताना गाडीवरून ओरडली, शनिवारी चिवड्यात शेंगदाणे जास्त टाका! कुशाबाही येणार आहेत. त्यांना आता पिशवी भाड्याने द्यायची आहे.

तर असा हा पहिला सौदा. चाराची वस्तू पाचाला गेली, एवढं तरी तुम्ही बाजारात सांगायला हरकत नाही. भाव बरोबर केला की नाही ते मात्र स्पष्ट कळवा. मामींना दंडवत, खोंडाच्या पाठीवर माझ्या वतीने थाप.

तुमचा (आता थोडासा उपयोगाचा)
निरंजन

ता.क. एक शंका राहिली. दोघांनी ‘झालं’ म्हटल्यावर बाजारात हात लगेच सोडतात ना? कुशाबांनी पंचा उचलला तेव्हा हात होते तिथेच होते. तिने सोडलेला नव्हता. दलालीचा गोंधळ सुरू झाला तरी नव्हता. पाच हजारांच्या पुढे असा हात धरून ठेवला तर तुमच्या बाजारात त्याचा अर्थ काय धरतात? कुशाबांना विचारलं असतं, पण ते गावभर करतील. तुम्ही मोठ्याने न बोलता विचार करून सांगा.

ता.क. २. आता खरं सांगतो. तिचे वडील रविवारी, २४ तारखेला, बावधनला तिच्या मावशीकडे येणार आहेत. लातूरच्या एका पेट्रोलपंपवाल्याचं स्थळ घेऊन. माझे आईवडील भिडस्त, ते दारातूनच पाणी पिऊन परत येतील. तुम्ही या. आडत्याशी बोलायला दलालच हवा. रविवार हा बाजाराचा दिवस आहे, तुम्ही आजारपणातही तो चुकवला नाहीत, माझ्या मुंजीला सुद्धा बाजार उरकून आलात, सगळं माहीत आहे. तरी एक बाजार माझ्यासाठी चुकवा मामा. माझ्याकडे विकायला आता तलवारही नाही. येताना तुमचा तो मोठा पंचा आणा.

ता.क. ३. पाकीट चिकटवायला माझ्याकडे डिंक नाही. आज संध्याकाळी क्षितिजा राहिलेले फासे न्यायला येणार आहे, तिच्या बावधनच्या घराजवळ टपालपेटी आहे, तेव्हा पत्र तिच्याकडेच देतो. तुम्ही काळजी करू नका, ती दुसऱ्याचं पत्र वाचणाऱ्यातली मुळीच नाही.

मामांना नमस्कार. मी क्षितिजा. पाकीट उघडं होतं. निरंजनच्या टेबलावर डिंकाची बाटली आहे, भरलेली, मी कालच पाहिली, तिच्याखालीच त्याने माझ्यासाठी शेंगदाणे झाकून ठेवले होते. भावाचं म्हणाल तर त्याने घाई केली, मी सहापर्यंत गेले असते. आणि हात मी सोडला नाही हे खरं आहे, पण त्यानेही सोडला नव्हता, तेवढं पत्रात दुरुस्त करून घ्यावं. बाबा भाव पाडण्यात माझ्याहून कडक आहेत आणि मी त्यांना पेट्रोलपंपाला नाही म्हणून कळवलेलं आहे. तरीही तुम्ही चोवीस तारखेला याच. पंचा धुतलेला आणा.